खामगावचा कापूस, मुंबईतली चित्रं

हार्बर लाइननं वाशीहून सीएसएमटीला जाताना शिवडीनंतर कॉटन ग्रीन येतं. तीन वर्षं मी ही घोषणा ऐकत होतो आणि तिच्यातला ‘कॉटन’ माझ्या कानात कधी शिरला नव्हता. मी अमडापूरचा. चिखलीहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं, टेकडीवर बल्लाळदेवीचं देऊळ असलेलं आमचं गाव. घरी दोन पिढ्या कापूस पिकला. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात पाय ठेवायला जागा नसायची, इतका कापूस पुढच्या खोलीत भरलेला असायचा, आणि आम्ही पोरं त्यावर उड्या मारून आजीच्या शिव्या खायचो. तरीही स्टेशनचं नाव ते स्टेशनचं नाव. ‘ग्रँट रोड’ म्हटल्यावर कोण ग्रँट, असं तरी कुठं विचारतो आपण?

विचारायची वेळ आली ती एका पावसाळी रविवारी. काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मी खरं तर पावसापासून आडोसा म्हणून शिरलो होतो. खालच्या मूर्ती पाहिल्या, वरची लघुचित्रं पाहिली, आणि भटकत भटकत पूर्वेकडच्या विंगेत दुसऱ्या मजल्यावर पोचलो. तिथं एकदम वातावरण बदलतं. खाली सगळं दगडाचं आणि शतकांचं. वर पांढऱ्या भिंती आणि हुसेन, रझा, तय्यब मेहता. एका मोठ्या संग्रहालयाच्या पोटात असलेलं हे एक छोटं, वेगळं संग्रहालय आहे. त्याचं नाव जहांगीर निकल्सन. (शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीशी याचा संबंध नाही. ती १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेली. दोन्ही जहांगीर पारशी, दोन्ही चित्रांशी जोडलेले, आणि एकमेकांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर. गोंधळ होणारच.)

निकल्सन यांचा व्यवसाय काय होता हे वाचलं आणि मी थांबलो. कापसाचा व्यापार.

त्या दिवशी मी उरलेली चित्रं नीट पाहिली नाहीत. परतीच्या गाडीत डोक्यात एकच हिशोब चालू होता: मुंबईच्या व्यापाऱ्याकडे कापूस येतो कुठून? वऱ्हाडातून. वऱ्हाडातला कापूस जमतो कुठं? खामगावात. खामगावला कापूस नेतो कोण? आम्ही. म्हणजे त्या भिंतीवरच्या चित्रांत थोडे आमचेही पैसे आहेत. कॉटन ग्रीन आलं तेव्हा मी पहिल्यांदा खिडकीतून बाहेर नीट पाहिलं.

हा निष्कर्ष चुकीचा होता, पण तो चुकीचा आहे हे कळायला मला बरेच महिने लागले. त्या महिन्यांत जे हाती लागलं ते इथं सांगतो.

आधी निकल्सन. जन्म १९१५, मुंबई. शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि घरचा धंदा कापसाचा, ब्रूएल अँड कंपनी. मोटारींचा आणि फोटोग्राफीचा नाद. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी चित्र म्हणून काही विकत घेतलं नव्हतं. १९६७ साली पत्नी गेली. मूल नव्हतं. १९६८ साली ताज हॉटेलातल्या आर्ट गॅलरीत त्यांनी शरद वायकूळ या चित्रकाराचं एक निसर्गचित्र पाचशे रुपयांना घेतलं, आणि मग ते थांबलेच नाहीत. पुढच्या तीसेक वर्षांत आठशेच्या आसपास कलाकृती जमा झाल्या.

पहिलं चित्र वायकूळ यांचं असावं, हे मला फार आवडतं. संग्राहकांच्या गोष्टी बहुधा मोठ्या नावापासून सुरू होतात. इथं सुरुवात अशा नावापासून आहे जे चित्रकलेबाहेरच्या माणसाला आजही सांगावं लागतं. म्हणजे माणसानं बाजार पाहून खरेदी केली नाही. त्या काळी या चित्रांना म्हणावा असा बाजारच नव्हता. आज ज्यांच्या चित्रांचे आकडे वर्तमानपत्रात येतात ते गायतोंडे, तय्यब मेहता, सूझा तेव्हा एका कापूसवाल्याला परवडत होते. संग्रहात सगळ्यांत जास्त कामं आहेत लक्ष्मण श्रेष्ठ यांची. नेपाळहून येऊन जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हे चित्रकार. त्यांच्या अमूर्त चित्रांसमोर आपण पहिल्यांदा उभे राहतो तेव्हा एक प्रामाणिक प्रश्न पडतो की हिशोबाची वही तपासणाऱ्या अकाउंटंटला यात काय दिसलं असेल. मला वाटतं, उत्तर त्याच्या धंद्यात आहे. कापसाच्या व्यापारात सगळा खेळ नमुन्याचा. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची, धाग्याची लांबी बघायची, रंग बघायचा, कचरा बघायचा, आणि शेकडो गाठींचा निर्णय त्या चिमटीवर घ्यायचा. आमच्याकडं ग्रेडर हेच करायचा आणि आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत उभे असायचो. ज्याचे डोळे आयुष्यभर पांढऱ्याच्या छटा वेगळ्या करत आले, त्याला एका पिवळ्या रंगाचे दहा पिवळे दिसत असतील तर नवल नाही. हा माझा तर्क आहे, पण मी तो सोडायला तयार नाही.

आता शहर. मुंबईबद्दल एक गोष्ट विसरली जाते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ साली इथं स्थापन झाला. आरा, सूझा, हुसेन, रझा, गाडे, बाकरे ही सहा माणसं इथं भांडली आणि इथंच त्यांनी चित्रं काढली. पण त्यानंतर कितीतरी वर्षं या शहरात त्यांची चित्रं कायमची पाहायला मिळतील अशी जागा नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी होती, पण ती आठवड्याच्या बोलीवर: प्रदर्शन लागायचं, संपायचं, चित्रं कुणाच्या तरी दिवाणखान्यात निघून जायची. सरकारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दिल्लीत १९५४ साली झालं. मुंबईत ते कावसजी जहांगीर हॉलमध्ये उघडायला १९९६ उजाडलं. मधली जवळजवळ पन्नास वर्षं, ज्या शहरानं देशाची आधुनिक चित्रकला घडवली त्या शहरातल्या मुलाला ती बघायची तर ओळख लागायची.

या मधल्या काळातच निकल्सन यांचं संग्रहालय येतं. १९७६ साली नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या आवारात ‘जहांगीर निकल्सन म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ सुरू झालं. तेव्हा एनसीपीए स्वतःच बांधून होत होतं. समुद्र हटवून केलेल्या भरावावर उभी राहिलेली ती संस्था, तिचं प्रसिद्ध टाटा थिएटर १९८० सालचं, म्हणजे संग्रहालयानंतरचं. नाव मोठं आणि जागा लहान. संग्रहातली थोडीच चित्रं एका वेळी लागायची, मग बदलायची. पण सरकारी संग्रहालयाच्या वीस वर्षं आधी मुंबईत ‘आधुनिक कलेचं संग्रहालय’ अशी पाटी होती, आणि ती एका माणसानं स्वतःच्या खिशातून लावली होती. स्वतःची स्वतंत्र इमारत व्हावी हे त्यांचं स्वप्न शेवटपर्यंत राहिलं. ती झाली नाही. १९९८ साली त्यांनी फाउंडेशन स्थापन केलं आणि २००१ साली ते गेले. गायतोंडे गेले तेही २००१ सालीच.

गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, हे मला तोवर माहीत नव्हतं. रझा मंडला जिल्ह्यातले, पण चित्रकला प्रथम शिकले नागपूरच्या कला विद्यालयात, मग मुंबईला आले. म्हणजे माणसं आमच्या बाजूची, कापूस आमच्या बाजूचा, आणि दोघांची भेट झाली ती थेट समुद्रकाठी. आमच्या भागातून जे जातं ते असंच जातं. आमच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक पोरांसारखं. माझ्यासारखं.

खामगावकडं वळतो, कारण माझ्या चुकीच्या हिशोबाचं मूळ तिथं आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला यायचा थांबला आणि गिरण्यांची नजर इकडं वळली. भाव इतके चढले की मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपलं आणि पूर ओसरला, पण तोवर वऱ्हाड कापसाला जुंपलं गेलं होतं. कापूस आयुक्त नेमले गेले. रिव्हेट-कार्नॅक नावाचे एक साहेब कापूस गाडीपर्यंत कसा लवकर पोचेल याच विवंचनेत असत. जलंबहून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. कल्पना करा, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, आठ मैलांच्या लोहमार्गासाठी! तो फाटा माणसांसाठी नव्हता. जिनांमधून सरकी निघालेली रुई, प्रेसमध्ये आवळलेल्या गाठी आणि पुढं मुंबई बंदर, असा तो सरळ रस्ता होता. मुंबईत गाठी जिथं उघड्या हिरव्या मैदानावर रचत त्याला ‘कॉटन ग्रीन’ म्हणत. ते मैदान आधी टाउन हॉलसमोर होतं, मग कुलाब्याला गेलं, मग शिवडीला. मैदान गेलं, नाव स्टेशनला चिकटून राहिलं.

याच फाट्यानं आलेल्या परदेशी पेढ्यांत फोल्कार्ट ब्रदर्स होती. स्वित्झर्लंडमधलं विंटरथुर आणि मुंबई, अशी दोन्हीकडं एकाच वेळी १८५१ साली सुरू झालेली पेढी. खामगावात त्यांची खरेदी होती, कापूस दाबण्याचा कारखाना होता. (आपल्या घरातला ‘व्होल्टास’ एसी म्हणजे १९५४ साली झालेली फोल्कार्ट आणि टाटा यांची जोड, नावातच दोघं आहेत.) पेढी पुढं राइनहार्ट घराण्याकडं गेली. त्यातले ऑस्कर राइनहार्ट १९२४ साली धंद्यातून बाहेर पडले आणि त्यांनी उरलेलं आयुष्य चित्रं जमवण्यात घातलं. विंटरथुरसारख्या लहानशा शहरात आज त्यांच्या नावानं जो संग्रह आहे त्यात सेझान आहे, व्हॅन गॉग आहे. १९५१ साली त्यातल्या एका भागाचं संग्रहालय उघडलं, राहत्या घरातला दुसरा भाग सरकारला दिला गेला आणि १९७० साली लोकांसाठी खुला झाला.

हे वाचताना मला अभिमान वाटायला हवा होता की राग यायला हवा होता, ते ठरवता येईना. १८९६–९७ आणि पुन्हा १८९९–१९०० साली वऱ्हाडात दुष्काळ पडला. ज्या शेतात ज्वारी असती तिथं कापूस होता, आणि कापूस खाता येत नाही. गाठी जाण्यासाठी केलेली रेल्वे धान्य आणूही शकत होती, पण ते विकत घ्यायला हातात पैसे लागतात. त्या पैशांतला काही भाग कुठं गेला हे विंटरथुरच्या भिंतींवर आज दिसतं, आणि ते सुंदर आहे. राइनहार्ट चोर होते असं मी म्हणत नाही. व्यापार होता, तसा व्यापार होता. पण ‘कलेचा आश्रयदाता’ हा शब्द वाचला की यापुढं मला आश्रय नेमका कुणी कुणाला दिला असं विचारावंसं वाटेल, एवढं मात्र खरं.

आता माझी चूक.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजोबांची वही मागितली. आजोबा नाहीत, पण वह्या फळीवर आहेत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेल्या. मला १९६८ ते २००१ हवं होतं, निकल्सन यांची खरेदीची वर्षं. मनात चित्र तयार होतं: इकडं आजोबांची विक्री, तिकडं त्यांची खरेदी, दोन रकाने समोरासमोर मांडायचे. सुरुवात झकास झाली. गाडीभाडं, अडत, तोलाई, हमाली, खामगावच्या अडत्याचं नाव. १९६८, ६९, ७०, ७१. आणि मग १९७२ च्या हंगामापासून अडत्याचं नाव गायब. त्या जागी आजोबांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: ‘फेडरेशन’.

एकाधिकार कापूस खरेदी योजना. ज्यांनी कापूस पिकवला त्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी: १९७१ साली महाराष्ट्रानं कायदा केला आणि १९७२–७३ च्या हंगामापासून राज्यातला कच्चा कापूस शेतकऱ्याकडून घ्यायचा हक्क फक्त सरकारकडं आला. पणन महासंघ खरेदी करणार, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकणार. खाजगी व्यापाऱ्यानं शेतकऱ्याकडून घ्यायचा नाही. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा हा हेतू, आणि हेतू खोटा नव्हता. पण चुकारा हप्त्यांनी यायचा, केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, ग्रेडर सांगेल ती प्रत. बाहेरच्या राज्यांत भाव चढा असला की रात्रीतून मध्य प्रदेशात कापूस जायचा, आणि स्वतःच्याच मालाची चोरटी वाहतूक केली म्हणून शेतकरी पकडला जायचा. शेतकरी संघटनेची आंदोलनं यावर झाली. ही पद्धत तीसेक वर्षं चालली.

मी सॉफ्टवेअरवाला. दोन टेबलं जोडायची तर दोन्हींत एक समान रकाना लागतो. माझ्या हिशोबात तो रकाना १९७२ सालीच तुटला होता. निकल्सन यांनी नरिमन पॉइंटला पाटी लावली तेव्हा आमचा कापूस त्यांच्यासारख्या व्यापाऱ्याला घ्यायची मुभाच नव्हती. तो सरकार घेत होतं. संग्रहातली बहुतेक चित्रं त्यानंतरची. माझ्याकडं उरली चार वर्षं, १९६८ ते ७१. त्या चार वर्षांतही खामगावच्या अडत्याकडून पुढं गाठ कुठं गेली, हे गाठीवर लिहिलेलं नसतं.

फळीखाली बसून मला जरा लाजल्यासारखं झालं. मी इतके महिने नेमकं काय शोधत होतो? त्या गॅलरीत उभं राहायचा परवाना. ‘इथं माझंही काही आहे’ असं म्हणता यावं म्हणून कापसाचा पुरावा. सहावी-सातवीत मी बरी चित्रं काढायचो. एलिमेंटरीची परीक्षा द्यायला चिखलीला गेलो होतो, बशीत रंग कालवून स्थिरचित्र काढलं होतं: घडा, दोन वांगी, एक दुमडलेलं कापड. सी ग्रेड मिळाली. इंटरमिजिएट दिली ती दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. त्यानंतर इंजिनिअरिंग. घरात कुणी ‘चित्र काढू नको’ म्हटलं नाही, कारण तसं काही करता येतं हे घरात कुणाला सुचलंच नव्हतं. मोठं झाल्यावर काढलेलं खरं चित्र, भिंतीवर टांगलेलं, मी पाहिलं ते वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पावसामुळं.

संग्रहालयाचं पुढं काय झालं ते थोडक्यात. निकल्सन गेल्यावर दहा वर्षं संग्रहाला हक्काचं नवं घर नव्हतं. मग फाउंडेशन आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्यात करार झाला आणि एप्रिल २०११ मध्ये १९३७ साली बांधलेल्या पूर्व विंगेत गॅलरी उघडली. पहिलं प्रदर्शन मुंबईच्या चित्रकारांच्या सहा दशकांचं होतं. तेव्हापासून प्रदर्शनं बदलत राहतात, संग्रहातली चित्रं आलटून-पालटून बाहेर येतात. म्हणजे १९७६ पासून आजपर्यंत हे संग्रहालय दुसऱ्याच्याच वाड्यात राहत आलं आहे, आधी एका संस्थेकडं, मग दुसऱ्या. मला त्यात कमीपणा वाटत नाही. मी स्वतः वाशीत अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. उलट, खाली गांधार आणि वर गायतोंडे अशी शेजारी माणसं त्याला स्वतःच्या इमारतीत मिळाली नसती.

गेल्या हिवाळ्यात खारघरला नात्यात लग्न होतं म्हणून आई-बाबा आले होते. एक दिवस आई बहिणीकडं थांबली आणि मी बाबांना घेऊन गेलो. खालचा घुमट त्यांना आवडला, नाण्यांपाशी बराच वेळ गेला. वर आलो. मी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ते हात मागं बांधून, शेताच्या धुऱ्यावरून चालतात तसे भिंतीकडेनं चालत गेले. एका मोठ्या कॅनव्हाससमोर थांबले. चष्मा वर सरकवून इतके जवळ गेले की गार्ड पुढं झाला.

“हा कापूसच हाये ना रे?” त्यांनी विचारलं. रंगाबद्दल नाही, कापडाबद्दल. कडेला रंग संपतो तिथं विण दिसत होती.

“असंल. कधी कापूस असते, कधी जवस.”

“जाडाभरडा हाये.” मग दोन पावलं मागं आले आणि पूर्ण चित्राकडं पाहिलं. “आन् याच्यात काय काढलं हाये?”

“काहीच नाही बाबा. रंग हाये नुसता.”

त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून की राहू दे म्हणून, कळलं नाही. मी पुढच्या भिंतीकडं गेलो, दोन-तीन चित्रं पाहून वळलो तर ते तिथंच होते. मध्ये एक बाकडं आहे, त्यावर बसले होते. मीही जाऊन बसलो. निकल्सन यांच्याबद्दल तेव्हा सांगितलं: कापूसवाले होते, हे सगळं त्यांनी घेतलं.

“खामगावचा होता का?”

“नाही. मुंबईचे.”

“मंग आपला नाई गेला त्याच्याकडं. आपला फेडरेशनला गेला,” बाबा म्हणाले. मला वहीतून शोधायला महिने लागले ते त्यांना असं पाठ होतं. “बाहत्तरपासून. तुह्या आजोबाचा एक चुकारा लई दिवस अडकला होता.”

आम्ही गॅलरी बंद होईस्तोवर बसलो. परत येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली. कॉटन ग्रीनची घोषणा झाली तसे ते वाकून बाहेर बघू लागले. यार्डाच्या भिंती, पत्र्याची गोदामं, फलाटावर भेळवाला. गाडी सुटली. “आवंदा सोयाबीनच पेरतो सगळं,” ते म्हणाले, “वेचायला माणूस भेटत नाई.” मग शिवडी आलं.